‘आपण’ आणि ‘पुढचे वर्ष’ : ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या चाहत्यांचा इतिहास

न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी ब्रुकलिन हा एक विभाग होय. परंतु १ जानेवारी १८९८ पूर्वी ते स्वतंत्र शहर होते. १८९० च्या जनगणनेत लोकसंख्येच्या दृष्टीने ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर होते. विलीनीकरणाने त्याचे स्वतंत्र महापौरपद गेले, नगरशासन गेले. नदीपलीकडील मॅनहॅटनचे उपनगर अशी त्याची गणना होऊ लागली. अशा स्थितीत ब्रुकलिनचे नाव धारण करून न्यूयॉर्कशी बरोबरीच्या नात्याने मैदानात उतरणारी एक संस्था शिल्लक राहिली. ती म्हणजे तेथील बेसबॉलचा संघ. या संघाचे सामने, त्याचे खेळाडू आणि त्याचे मालक यांविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याचे पराभव सोसले आणि ज्यांच्या मुखी त्या पराभवांची एक स्वतंत्र भाषा तयार झाली, त्या चाहत्यांचा विचार मुख्यतः रंजक आख्यायिकांच्या पातळीवरच राहिला. त्यांच्या भाषेकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्यास संघाच्या स्वामित्वाविषयीचा एक मूलभूत मतभेद स्पष्ट होतो. तो मतभेद १९५७ साली अकस्मात उद्भवला नव्हता.

बेसबॉलचे प्रेम ब्रुकलिनमध्ये संघापेक्षाही जुने. १४ जून १८७० रोजी तेथील अटलांटिक संघाने तोवर अजिंक्य ठरलेल्या सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघास ११ डावांच्या झुंजीनंतर ८–७ असे हरविले, ही घटना या खेळाच्या आरंभकालातील एक महत्त्वाची घटना मानली जाते. सामन्याचा कोष्टकरूप वृत्तांत रूढ करणारा, जन्माने इंग्रज असलेला पत्रकार हेन्री चॅडविक हाही ब्रुकलिनचाच रहिवासी होता. त्याने घडविलेल्या संकेतलिपीकडे पुढे वळावयाचे आहे.

प्रेक्षकास त्या काळी ‘क्रँक’ म्हणजे तऱ्हेवाईक असे म्हणत. नंतर ‘रूटर’ हा शब्द आला. ‘फॅन’ हा शब्द १८८० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागला. तो धर्मवेड्यास लावल्या जाणाऱ्या ‘फनॅटिक’ या शब्दाचा संक्षेप असावा असे बहुतेकांचे मत. ‘फॅन्सी’ म्हणजे शौक या शब्दापासून तो आला असेही काही मानतात. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली तरी मराठीतील ‘चाहता’ हा शब्द त्यामानाने फार सौम्य पडतो. ‘शौकीन’ त्याहून दूरचा. शौकीन माणूस चांगल्या खेळाचा भोक्ता असतो, आणि ब्रुकलिनच्या लोकांना चांगला खेळ फारसा पाहावयास मिळालाच नाही.

ज्या संघाचा येथे विचार करावयाचा, तो १८८३ साली स्थापन झाला व १८९० साली नॅशनल लीगमध्ये आला. त्याची नावे अनेक वेळा पालटली. १८८८ च्या सुमारास काही खेळाडूंचे विवाह पाठोपाठ झाले म्हणून तो ‘ब्राइडग्रूम्स’ म्हणजे नवरदेवांचा संघ झाला. नेड हॅनलन हे व्यवस्थापक झाल्यावर, हॅनलन याच नावाच्या एका नाटकमंडळीच्या ‘सुपर्बा’ या खेळावरून ‘सुपर्बाज’ झाला. १९१४ ते १९३१ पर्यंत व्यवस्थापक असलेल्या विल्बर्ट रॉबिन्सन यांच्या आडनावावरून ‘रॉबिन्स’ झाला. या सर्वांत टिकले ते १८९५ च्या सुमाराचे ‘ट्रॉली डॉजर्स’ हे नाव. विजेच्या ट्रामगाड्या नव्याने सुरू झाल्या होत्या, त्यांचा वेग लोकांच्या अंगवळणी पडला नव्हता, अपघात होत होते. आणि ब्रुकलिनचा माणूस म्हणजे ट्रामला हुलकावणी देत रस्ता ओलांडणारा अशी थट्टा चालत असे. संघाचे अधिकृत नाव म्हणून ‘डॉजर्स’ १९३२ पासून स्थिर झाले. ही सर्व नावे वृत्तपत्रांनी व जनतेने दिलेली आहेत, मालकांनी नव्हेत, ही बाब येथे लक्षणीय आहे. ज्याने नाव ठेवले त्याचा त्या वस्तूवर काही अधिकार पोहोचतो अशी भावना मनुष्यस्वभावात असते; कायद्यात तिला स्थान नसते.

मालक चार्ल्स एबेट्स हे १८८३ मध्ये याच संघात तिकिटे विकणे, हिशेब ठेवणे अशा किरकोळ कामांवर लागले आणि १८९८ मध्ये अध्यक्ष झाले. फ्लॅटबुश भागात, जेथे पूर्वी कचऱ्याचे खड्डे होते अशा जागेवर त्यांनी बांधलेले ‘एबेट्स फील्ड’ हे मैदान एप्रिल १९१३ मध्ये खुले झाले. त्याची क्षमता पुढील काळात सुमारे ३२,००० होती. मैदान आटोपशीर, प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ की एकमेकांचे बोलणे एकमेकांस ऐकू जाई. या भौतिक जवळिकीचा परिणाम तेथील संघ व प्रेक्षक यांच्या संबंधांवर झाला, हे विसरता येणार नाही.

१९१६ आणि १९२० साली संघ वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला व दोन्ही वेळा हरला. त्यानंतरची दोन दशके तर हास्यास्पदच गेली. १५ ऑगस्ट १९२६ रोजी बेब हर्मनच्या एका जोरदार फटक्यावर धावांची लयलूट व्हावयाची, तेथे ब्रुकलिनचे तीन खेळाडू एकाच वेळी तिसऱ्या बेसवर येऊन उभे राहिले आणि त्यांतील दोघे बाद झाले. १९३४ च्या आरंभी न्यूयॉर्क जायंट्स संघाचे व्यवस्थापक बिल टेरी यांनी, ब्रुकलिनचा संघ अजून लीगमध्ये आहे काय, असा कुत्सित प्रश्न पत्रकारांपुढे केला. त्या वर्षी ब्रुकलिन सहाव्या क्रमांकावर राहिले. परंतु हंगामाच्या अखेरच्या दोन सामन्यांत त्याने जायंट्सना त्यांच्याच मैदानावर हरविले आणि अजिंक्यपद सेंट लुईसच्या संघाकडे गेले. स्वतः सहावे राहून शेजाऱ्याचे राज्य बुडविल्याचा हा आनंद चाहत्यांनी अजिंक्यपदासारखाच साजरा केला.

याच दशकात संघास ‘बम्स’ म्हणजे भणंग, निकामी लोक हे उपपद चिकटले. वर्ल्ड-टेलिग्राम पत्राचे व्यंगचित्रकार विलार्ड मलिन यांना एका टॅक्सीचालकाने, आज आमच्या त्या भणंगांनी काय दिवे लावले, अशा अर्थाचा प्रश्न केला आणि त्यातून फाटक्या वस्त्रांतील, दाढीचे खुंट वाढलेला ‘ब्रुकलिन बम’ जन्मास आला, अशी कथा आहे. शिवी आपल्या माणसास दिली की ती लाडाची होते, परक्याने दिली की ती शिवीच राहते. हा भाषाव्यवहार मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही.

या चाहत्यांत हिल्डा चेस्टर यांचे नाव सर्वांत प्रसिद्ध. मैदानावरील खाद्यविक्रीच्या व्यवसायात किरकोळ काम करणाऱ्या या बाईंचा आवाज साऱ्या मैदानावर घुमत असे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर वैद्यांनी ओरडण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी तवा व लोखंडी पळी आणून वाजविण्यास सुरुवात केली. पुढे खेळाडूंनी त्यांना गाईच्या गळ्यातील घंटा भेट दिली व तीच त्यांची ओळख झाली. पीट रायझर या खेळाडूने उत्तरकाळी सांगितलेली एक आठवण अशी की, हिल्डाबाईंनी एकदा त्याच्याजवळ एक चिठ्ठी दिली. ती मालकपक्षाकडून आली असे समजून व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी तिच्यातील सूचनेप्रमाणे चांगला खेळत असलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, बदलला. ही आठवण तपशिलात खरी असो वा नसो, ती सांगितली गेली आणि कोणास अशक्य वाटली नाही, हेच पुरेसे बोलके आहे. ‘सिम-फनी’ या नावाने हौशी वादकांचे एक बेसूर पथकही प्रेक्षकांत बसे. पंच मैदानात येताच ते तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवी. प्रतिपक्षाचा बाद झालेला खेळाडू परतताना त्याच्या पावलांबरोबर ताल धरी आणि तो बाकावर टेकताच ढोलाचा दणका देई. तो बिचारा कित्येकदा बसण्याचे टाळून उभाच राहत असे.

१९४१ साली, २१ वर्षांनंतर, संघ पुन्हा अंतिम मालिकेत आला. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यँकीज. ५ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात शेवटच्या डावात दोन बाद, ब्रुकलिन ४–३ ने पुढे, आणि टॉमी हेन्रिकने तिसरा फटका हुकविला. सामना संपला होता. परंतु कॅचर मिकी ओवेन याच्या हातून चेंडू निसटला. नियमानुसार अशा वेळी फलंदाजास धावण्याची मुभा असते. हेन्रिक पहिल्या बेसवर पोहोचला आणि यँकीजनी तो सामना ७–४ असा जिंकला. मालिकाही गेली. ‘पुढच्या वर्षी बघा’ या अर्थाचे जे वाक्य ब्रुकलिनचे ब्रीद म्हणून प्रसिद्ध आहे, ते या पराभवापासून विशेष रूढ झाले. यानंतर १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या चारही वर्षी संघ अंतिम मालिकेत गेला, चारही वेळा यँकीजशीच गाठ पडली व चारही वेळा हरला. ‘पुढचे वर्ष’ हा कालवाचक शब्दप्रयोग राहिला नाही. ते पंचांगात नसलेले एक वर्ष झाले.

ब्रुकलिनच्या भाषेतील दुसरा महत्त्वाचा शब्द इतका साधा आहे की तो सहसा नजरेत भरत नाही. तो शब्द म्हणजे इंग्रजीतील ‘वुई’ हे सर्वनाम. चाहता ‘ते हरले’ असे म्हणत नाही. तो स्वतःला त्या पराभवात धरतो. मराठीत अशा वेळी ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतून निवड करावी लागते; ‘आम्ही’ ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. इंग्रजीत हा भेद रूपाने दाखविला जात नाही. त्यामुळे मालक ‘वुई’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘आम्ही, भागधारक’ असा आहे आणि चाहता ‘वुई’ म्हणतो तेव्हा तो ‘आपण, तुम्ही व आम्ही मिळून’ असा आहे, ही विसंगती अनेक वर्षे झाकून राहू शकली. एकच शब्द दोन परस्परविरोधी हक्क सांगत होता.

या ‘आपण’ची कसोटी १५ एप्रिल १९४७ रोजी लागली. त्या दिवशी ब्रँच रिकी यांनी संघात घेतलेला जॅकी रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरला आणि विसाव्या शतकातील प्रमुख लीगमधील वर्णबंदी मोडली. प्रेक्षक २६,६२३, म्हणजे मैदान भरले नव्हते, आणि आलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते. सर्व ब्रुकलिनने त्याचे पहिल्या दिवसापासून एकदिलाने स्वागत केले, अशी जी समजूत नंतर रूढ झाली तिला ही संख्या पुष्टी देत नाही. परंतु हंगाम संपेपर्यंत सुमारे १८ लाख प्रेक्षक आले, हा ब्रुकलिनमधील उच्चांक होय. अन्य गावांत रॉबिन्सनवर शिव्यांचा वर्षाव झाला की तो आता ‘आपल्या’ माणसावरील हल्ला ठरू लागला. विचाराने जे साधले नसते ते पक्षाभिमानाने काही अंशी साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

चाहत्याच्या अंतरंगाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांच्या १९९७ साली प्रकाशित झालेल्या आत्मवृत्तात मिळतो. त्यांचा जन्म १९४३ चा. सहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना धावफलकाची वही दिली आणि सामन्याची नोंद करण्याची ती चॅडविकप्रणीत संकेतलिपी शिकविली. या लिपीत प्रत्येक क्षेत्ररक्षकास क्रमांक असतो; ‘६–४–३’ एवढे लिहिले की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला व दोन खेळाडू कसे बाद झाले हे कळते. फटके हुकवून बाद झालेल्यासाठी ‘के’ हे अक्षर वापरतात, कारण ‘स्ट्रक’ या क्रियारूपात तेच अंत्याक्षर ठसठशीत आहे. दुपारी रेडिओवर सामना ऐकावयाचा, वहीत नोंदवावयाचा आणि वडील बँकांच्या तपासणीचे काम आटोपून परतले की वहीवरून तो साद्यंत सांगावयाचा, असा त्या बालिकेचा नित्यक्रम होता. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात तो सारा तपशील छापून येतो, हे वडिलांनी तिला सांगितले नाही. आपण नसतो तर वडिलांना सामना कळलाच नसता, अशी तिची समजूत होती. निकाल आरंभीच सांगून टाकावयाचा नाही, कथन क्रमाने करावयाचे, हा धडा आपण तेथे शिकलो असे पुढे इतिहासलेखनात नामवंत झालेल्या या लेखिकेने नमूद केले आहे. पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी तिने धर्मगुरूंपुढे दिलेल्या कबुलीत प्रतिपक्षाच्या खेळाडूंना इजा व्हावी अशी इच्छा केल्याचे पाप होते. हे कुटुंब ब्रुकलिनमध्ये राहत नव्हते, हे मात्र येथे लक्षात ठेवावयाचे आहे. वडील मूळचे ब्रुकलिनचे. घर लाँग आयलंडवरील रॉकव्हिल सेंटर या उपनगरात होते.

१९५१ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागला. ११ ऑगस्ट रोजी ब्रुकलिनला जायंट्सवर १३½ सामन्यांची आघाडी होती. ती विरघळली, दोन्ही संघ बरोबरीस आले, तीन सामन्यांची निर्णायक मालिका झाली. ३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या सामन्यात अखेरच्या डावास प्रारंभ झाला तेव्हा ब्रुकलिन ४–१ ने पुढे होते. राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर बॉबी थॉमसनने मारलेल्या होमरनने जायंट्स ५–४ असे जिंकले. जायंट्सनी त्या हंगामात आपल्या मैदानावर दुर्बिणीतून प्रतिपक्षाच्या खुणा टिपण्याची व्यवस्था केली होती, हे २००१ साली एका वृत्तपत्रीय शोधलेखाने सप्रमाण उघड केले. पन्नास वर्षांनी मिळालेल्या या न्यायाचा चाहत्यांस कितपत उपयोग झाला असेल ते सांगणे कठीण.

याउलट गिल हॉजेस याचा प्रसंग. १९५२ च्या अंतिम मालिकेत २१ वेळा फलंदाजीस येऊनही त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नाही, आणि १९५३ च्या आरंभीही तीच स्थिती राहिली. एरवी अशा खेळाडूची हुर्यो उडविली जाते. ब्रुकलिनने त्याला पत्रे, भेटवस्तू व धार्मिक चिन्हे पाठविली. तेथील सेंट फ्रान्सिस चर्चचे धर्मोपदेशक हर्बर्ट रेडमंड यांनी एका रविवारी, आज प्रवचनास फार उकडते आहे, घरी जा, आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, असे भाविकांस सांगितले. हॉजेसने तो हंगाम ०·३०२ च्या सरासरीने संपविला.

४ ऑक्टोबर १९५५ रोजी यँकीजच्या मैदानावर, अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, ‘पुढचे वर्ष’ अखेर आले. २३ वर्षांच्या जॉनी पॉड्रेसने यँकीजना एकही धाव दिली नाही. सहाव्या डावात सँडी अमोरोसने योगी बेराचा जवळजवळ निसटलेला चेंडू धावत जाऊन झेलला. ब्रुकलिनने २–० असा विजय मिळविला, आणि त्या दोन्ही धावा हॉजेसच्या फलंदाजीने आल्या. दुसऱ्या दिवशी डेली न्यूज पत्राने पहिल्या पृष्ठावर, भणंग कोणास म्हणता, अशा अर्थाचा मथळा दिला. ज्या पत्राने हे पराभव दशकानुदशके नोंदविले होते, कवी वॉल्ट व्हिटमन एके काळी ज्याचा संपादक होता, ते ब्रुकलिन ईगल मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत संपामध्ये बंद पडले होते. ब्रुकलिनच्या एकमेव विजयाची बातमी ब्रुकलिनच्या स्वतःच्या प्रमुख दैनिकास छापता आली नाही.

या विजयाच्या वर्षी मैदानावर आलेल्या प्रेक्षकांची संख्या १०,३३,५८९ होती. १९४७ च्या तुलनेत ती पुष्कळ कमी. १९५० मध्ये संघाची सूत्रे हाती घेतलेले वॉल्टर ओमॅली या आकड्यांवर बोट ठेवीत. १९५३ साली बोस्टनहून मिलवॉकी येथे गेलेला संघ पुढील वर्षापासून वर्षाला २० लाखांहून अधिक प्रेक्षक खेचत होता, हेही ते दाखवीत. आकडे खरे होते. परंतु उपस्थिती हे निष्ठेचे माप धरणे युक्त नव्हे. ट्रामच्या काळात बांधलेल्या मैदानाभोवती सुमारे ७०० मोटारींचीच सोय होती. सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले होते. आणि जुन्या चाहत्यांपैकी असंख्य कुटुंबे कर्न्स कुटुंबाप्रमाणे लाँग आयलंडवर राहावयास गेली होती. ब्रुकलिन सोडून जाणाऱ्यांत संघ पहिला नव्हता. चाहते आधी गेले होते; फरक इतकाच की ते नाव बरोबर घेऊन गेले नव्हते, आणि संघाने ब्रुकलिनमध्येच राहावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या दुःखाची ही बाजू स्मृतिलेखनात क्वचितच येते.

ओमॅली यांस अटलांटिक व फ्लॅटबुश या मार्गांच्या संगमाजवळ, रेल्वेस्थानकाला लागून, नवे मैदान हवे होते; बकमिन्स्टर फुलर यांच्याकडून घुमटाची कल्पनाही त्यांनी विचारात घेतली होती. जमीन शासनाने संपादन करून द्यावी अशी त्यांची मागणी. नगररचनेवर ज्यांचे वर्चस्व होते त्या रॉबर्ट मोझेस यांनी खाजगी व्यवसायासाठी असे संपादन करण्यास नकार दिला व क्वीन्स विभागातील फ्लशिंग मेडोज सुचविले. क्वीन्समध्ये खेळणारा संघ ब्रुकलिनचा कसा म्हणावा, हा ओमॅलींचा आक्षेप चाहत्यांस मान्य होण्यासारखा होता. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तीन हजार मैलांवरचा होता. १९५६ व १९५७ मध्ये मिळून १५ ‘घरचे’ सामने त्यांनी जर्सी सिटी येथे खेळविले. ऑक्टोबर १९५६ मध्ये एबेट्स फील्ड एका बांधकाम व्यावसायिकास विकले गेले. डिसेंबरात रॉबिन्सन यास, इतर कोठे नव्हे, जायंट्सकडे देण्याचा व्यवहार झाला. त्याने तेथे न जाता निवृत्ती पत्करली.

जून १९५७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या मक्तेदारीविषयक उपसमितीपुढे ओमॅली यांची साक्ष झाली. अध्यक्ष इमॅन्युएल सेलर हे ब्रुकलिनचेच प्रतिनिधी होते. परंतु १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बेसबॉल मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला होता व १९५३ मध्ये तोच निर्णय कायम झाला होता. प्रश्न विचारता आले. थांबविता काही आले नाही. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरील अखेरचा सामना ६,७०२ प्रेक्षकांनी पाहिला. ऑर्गनवादिका ग्लॅडिस गुडिंग यांनी डावांच्या मधल्या वेळात निरोपाच्या चाली वाजविल्या. ब्रुकलिनने २–० असा विजय मिळविला. ८ ऑक्टोबरला लॉस एंजेलिस येथे जाण्याची अधिकृत घोषणा झाली. ‘वुई’ या शब्दातील दोन अर्थांपैकी कोणता अर्थ न्यायालयात टिकतो, याचा निर्णय त्या दिवशी लागला.

नव्या गावात संघाने १९५९ मध्येच अजिंक्यपद जिंकले आणि १९६२ मध्ये चावेझ रव्हीन या टेकाडांच्या परिसरात स्वतःचे मैदान उभारले. त्या जागेवरील मेक्सिकन वंशाच्या शेवटच्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये बळाने हलविण्यात आले होते. तेव्हा लॉस एंजेलिसमधील नव्या ‘आपण’च्या मुळाशीही काही लोकांचे ‘वगळले जाणे’ आहेच. एबेट्स फील्ड २३ फेब्रुवारी १९६० पासून पाडण्यात आले. भिंतीवर आदळणारा लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगविला होता. त्या जागी १९६२ मध्ये निवासी इमारती झाल्या.

चाहत्यांपैकी काहींनी लॉस एंजेलिसच्या संघाशी दुरून संबंध ठेवला, काहींनी बेसबॉलच सोडला. गुडविन अनेक वर्षे खेळापासून दूर राहिल्या. हार्वर्डमध्ये आल्यावर त्यांनी बोस्टन रेड सॉक्स हा संघ आपला मानला, ज्याने १९१८ पासून २००४ पर्यंत अंतिम मालिका जिंकली नाही. निवड अभ्यासपूर्वक केली असावी असे वाटण्याइतकी ती समर्पक होती. १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्स हा नवा संघ निघाला. त्याने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेतला, आणि १९६४ पासून तो ओमॅलींनी नाकारलेल्या त्या फ्लशिंग मेडोजवरच खेळू लागला. आरंभीची वर्षे तो जुन्या ब्रुकलिनइतकाच हास्यास्पद ठरला व कदाचित म्हणूनच लोकप्रियही झाला. १९६९ मध्ये त्याने अंतिम मालिका जिंकली तेव्हा त्याचे व्यवस्थापक गिल हॉजेस होते. संघाबरोबर तेही लॉस एंजेलिसला गेले होते; परंतु परत येऊन ब्रुकलिनमध्येच राहत होते.